पिवळं कार्ड नेमकं कोणासाठी?

जुलै उजाडला की सेरेंगेटीतले विल्डबीस्टचे कळप उत्तरेला, केनियातल्या मसाईमाराकडे सरकू लागतात आणि त्यांच्यामागोमाग जगभरचे पर्यटक. त्यांत मराठी मंडळीही असतात. सहलीआधीच्या बैठकीतले प्रश्न ठरलेले: थंडी किती असते, जीपमध्ये कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होते का, वरणभात मिळेल ना. आरोग्याचा विषय ‘यलो फीवरचं इंजेक्शन घेतलंत ना?’ एवढ्यावर आटोपतो. इंजेक्शन टोचलं, पिवळं कार्ड पासपोर्टात खोचलं, झालं. पण हे कार्ड मुख्यतः तुमच्यासाठी मागितलंच जात नाही. तुम्ही परत याल तेव्हा तुमच्याबरोबर भलतंच काही येऊ नये, ही त्यामागची काळजी आहे. तुमच्या स्वतःच्या जिवाला ज्या आजाराचा धोका जास्त आहे, त्याबद्दल विमानतळावरच्या कोणत्याही खिडकीवर कुणी काही विचारत नाही.

पिवळा ताप हा विषाणूचा आजार. तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास म्हणजे आपल्याकडे डेंग्यू देणारा तोच, कूलरमध्ये आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाढणारा. म्हणजे साथीला लागणाऱ्या तीन गोष्टींपैकी दोन भारतात तयार आहेत: डास आहे आणि प्रतिकारशक्ती नसलेली कोट्यवधी माणसं आहेत. नाही तो फक्त विषाणू. आशियात या तापाने अजून बस्तान का बसवलेलं नाही, हे कोडंच आहे. डेंग्यूमुळे तयार झालेल्या प्रतिपिंडांचा काही अडसर होत असावा असा एक अंदाज आहे, पण अंदाजावर देशाचं आरोग्य सोडता येत नाही. २०१६मध्ये अंगोलातल्या साथीतून ११ रुग्ण चीनमध्ये पोहोचले. नशिबाने साखळी तिथेच तुटली. बाहेरून आलेला रोग काय करू शकतो हे मुंबईला नव्याने सांगायला नको. १८९६च्या प्लेगने ते शिकवलेलं आहे. म्हणून बाधित देशातून लसीच्या प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला भारत सहा दिवस विलगीकरणात ठेवतो. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, त्यावरून हा आकडा आला. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, कारण संरक्षण तयार व्हायला शरीराला तेवढा वेळ लागतो.

केनियात हा आजार विरळाच, मग पाच दिवसांच्या सहलीसाठी एवढा जाच कशाला, असं अनेकांना वाटतं. विरळ आहे हे खरं, पण नाहीच असं नाही. २०२२मध्ये केनियाच्याच इसिओलो भागात साथ जाहीर झाली होती. शिवाय हा हिशेब एका प्रवाशाच्या धोक्याचा नाहीच. एक आजारी माणूस पावसाळ्यात डोंबिवलीत उतरला तर पुढे काय, असा हा प्रश्न आहे. लसही जुनी आणि भरवशाची आहे. मॅक्स थायलर यांनी १९३०च्या दशकात विकसित केलेल्या या ‘१७डी’ लसीच्या कामासाठी त्यांना १९५१चं नोबेल मिळालं. एका डोसाचं प्रमाणपत्र जुलै २०१६पासून आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी ती निव्वळ शिक्का मिळवायचा म्हणून टोचून घेऊ नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. सफारीच्या जीपमध्ये निवृत्त मंडळी किती असतात हे पाहता ही तळटीप नव्हे.

आता हिवताप. २०२३मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली आणि त्यांतले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले. तिथला मुख्य परजीवी फाल्सीपेरम, म्हणजे मलेरियातला सर्वांत घातक. तरी त्याच्यासाठी कार्ड नाही, खिडकी नाही, कारण मलेरिया भारतात आधीपासूनच आहे. नव्याने अडवण्यासारखं देशाला त्यात काही वाटत नाही. त्यामुळे ही काळजी पूर्णपणे प्रवाशाच्या अंगावर पडते, आणि नेमकी तीच राहून जाते. पिवळ्या तापाचा डास दिवसा चावतो, मलेरियाचा ॲनॉफिलीस संध्याकाळ ते पहाट. म्हणजे तंबूबाहेर शेकोटीभोवती गप्पा रंगतात ती वेळ त्याची. लांब बाह्या, डास पळवणारं मलम, मच्छरदाणी हे सगळं हवंच, आणि जोडीला डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘आपल्याला डासांची सवय आहे.’ ही सवय शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती अर्धवट असते, वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा लागण होऊन मिळते आणि लागण थांबली की ओसरते. पुण्या-मुंबईतल्या सोसायटीत वाढलेल्या माणसाकडे ती असण्याचं कारण नाही. (गंमत अशी की डासांची निर्यात आपल्या बाजूनेही झाली आहे: शहरी टाक्यांत वाढणारा, दक्षिण आशियातला ॲनॉफिलीस स्टेफेन्सी २०१२मध्ये जिबूतीत आढळला आणि आता पूर्व आफ्रिकेच्या शहरांना छळतो आहे.) ‘पाचच तर दिवस’ हाही बचाव लंगडा, कारण एक चावा पुरतो. गोळ्यांच्या दुष्परिणामांची शंका मात्र रास्त आहे. मेफ्लोक्विनने काहींना भयंकर स्वप्नं पडतात, मन अस्वस्थ होतं. डॉक्सिसायक्लिन घेताना उन्हाने कातडी लवकर भाजते, आणि सफारी उन्हातच असते. पण यावर उपाय औषध बदलण्याचा आहे, गोळ्या सोडण्याचा नव्हे. या दोन्ही गोळ्या परतल्यावर चार आठवडे घ्याव्या लागतात, हे अनेकांना पटत नाही. कारण साधं आहे: परजीवी आधी यकृतात दडून वाढतो आणि नंतर रक्तात उतरतो, आणि या गोळ्या त्याला मुख्यतः रक्तात गाठतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातच त्याला अडवतं, म्हणून ते परतल्यावर सात दिवस पुरतं.

सफारीचा हंगाम आणि आपला पावसाळा एकाच वेळी येतात, ही खरी अडचण. मसाईमाराहून परतलेल्याला ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांनी ताप भरतो तेव्हा दवाखान्यात रांगभर लोक तापानेच फणफणलेले असतात. डेंग्यू, लेप्टो, साधा व्हायरल, शंकेला जागा भरपूर. डॉक्टर पॅरासिटामॉल लिहून ‘दोन दिवस बघू’ म्हणतात, आणि फाल्सीपेरमचा आजार चोवीस तासांतही गंभीर वळण घेऊ शकतो. आफ्रिकेतून आल्याचं रुग्णाने आपणहून सांगितलं नाही, तर ते केसपेपरवर येईलच असं नाही. गोळ्या नियमाने घेतल्या असल्या तरी ते सांगायचं, ताप महिन्या-दोन महिन्यांनी आला तरी सांगायचं, आणि मलेरियासाठी रक्त त्याच दिवशी तपासून घ्यायचं. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि तरीही निगेटिव्ह असेल तर आणखी एकदा.