वाळूत पळणारी गाडी बनवताय? एक्सल कापायच्या आधी माप नीट समजून घ्या

वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ मोबाईलवर सगळ्यांनीच पाहिलेत. दरवाजे नाहीत, काच नाही, नुसता पाइपांचा सांगाडा आणि मागं उघडं इंजिन. हा प्रकार अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळूत फोफावला, तो जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या जोरावर. बीटलचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मागं, त्यामुळं वजन मागच्या चाकांवर पडतं आणि वाळूत पकड मिळते. ब्रूस मायर्स यांनी १९६४ साली बीटलच्या सामानावर मायर्स मँक्स ही गाडी उभी केली आणि नंतर तिच्या कितीतरी नकला निघाल्या.

आपल्याकडं अशाच जातीच्या गाड्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं बाहा स्पर्धेसाठी बनवतात. मध्य प्रदेशात पीथमपूरला ही स्पर्धा भरत आलीय. महिंद्रा अल्फा रिक्षाचा गिअरबॉक्स, मारुतीचे जॉइंट, असा मेळ घालून गाडी तयार होते. त्यात हमखास घोळ होणारी जागा म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा एक्सल, म्हणजेच ड्राइव्ह शाफ्ट. तो किती लांब ठेवायचा?

बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही. आस सरळसोट, चाकं त्याच्या दोन टोकांना. एकदा मोजलं की मोजलं. ट्रॉलीचंही तेच. पण या गाडीत गिअरबॉक्स चेसीला घट्ट बसलेला असतो आणि चाक मात्र स्प्रिंगवर वर-खाली नाचत असतं. त्यामुळं दोघांतलं अंतर सारखं बदलतं.

एक हिशोब पाहा. समजा चाक गिअरबॉक्सच्या बरोबर समोर, एका पातळीत आहे आणि अंतर भरलं ४०० मिलिमीटर. आता चाक सरळ खाली १५० मिलिमीटर लोंबलं. अंतर तिरकं झालं. शाळेतला पायथागोरस लावला तर ते येतं सुमारे ४२७. म्हणजे २७ मिलिमीटरचा फरक, एक इंचापेक्षा जास्त! चाक पातळीच्या वर तेवढंच गेलं तरी अंतर तेवढंच वाढतं. म्हणजे अंतर सगळ्यात कमी कधी, तर शाफ्ट आडवा सरळ असताना.

नेमका इथंच दगा होतो. गाडी जॅकवर उचललेली असते, चाकं लोंबत असतात आणि त्याच अवस्थेत टेप लावून माप घेतलं जातं. त्या मापाचा शाफ्ट बसतोही झकास. गाडी जमिनीवर टेकवली की अंतर कमी होतं, शाफ्टला मागं सरकायला जागा उरत नाही आणि तो गिअरबॉक्सवर दाब देतो. मग बेअरिंग जातं, नाहीतर कव्हरला तडा. उलट शाफ्ट आखूड केला, तर उडी मारल्यावर चाक लोंबतं आणि आतला जॉइंट कपातून निसटतो. ताकद गेली, गाडी जागच्या जागी उभी.

म्हणून आधी गिअरबॉक्स आणि चाकाचे आर्म कायमचे बसवून घ्यावेत. नंतर स्प्रिंग-शॉकअप काढून ठेवायचे, म्हणजे चाक जॅकनं हवं तिथं नेता येतं. मात्र शॉकअप जिथपर्यंत जाऊ देईल, तेवढीच हालचाल धरायची. टेप वाकतो, हात पोचत नाही. त्यापेक्षा एकात एक सरकणाऱ्या दोन पाइपांची पट्टी करून जॉइंटच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरावी. चाक पूर्ण खाली, पूर्ण वर आणि अधेमधे थोडं थोडं हलवत प्रत्येक ठिकाणी खूण करायची. आर्मच्या रचनेप्रमाणे चाक पुढं-मागं किंवा बाहेरही सरकतं, त्यामुळं नुसत्या कागदी हिशोबावर विसंबून चालत नाही.

सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं अंतर, यातला फरक झेलायचा कुणी? मारुतीसारख्या शाफ्टमध्ये बाहेरचा जॉइंट सरकत नाही, आतला सरकतो. तो ४० मिलिमीटर सरकत असेल आणि फरक २७ असेल, तर १३ उरले. ते दोन्ही टोकांना वाटून द्यायचे. मग जॉइंट कपाच्या तळाला टेकतही नाही आणि बाहेरही येत नाही. सरक कमी पडत असेल तर शाफ्टच्या लांबीशी झगडून उपयोग नाही. चाक जास्त लोंबू नये म्हणून पट्टा लावावा लागतो. तिरकेपणाही बघायचा. वरच्या उदाहरणात शाफ्ट साधारण २१ अंश कलतो. शाफ्ट जितका आखूड, तितका हा कोन वाढतो.

डाव्या बाजूचं माप उजवीकडं चालेल असं समजू नका. गिअरबॉक्स मधोमध नसेल तर दोन्ही शाफ्ट वेगळ्या लांबीचे निघतात.

जुना शाफ्ट कापून मधे वेल्डिंग मारणं स्वस्त वाटतं, पण ते धोक्याचं. हे पोलाद तापवून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची ताकद बिघडते आणि वाळूत जोर पडला की तिथंच पिळून तुटतं. लेथवर नवा शाफ्ट, त्याला दाते आणि नंतर हीट ट्रीटमेंट, असा खर्च एकदाच केलेला बरा. आणि अशी गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर काढायची नाही, मोटार वाहन कायद्यात त्याला परवानगी नाही.

शाफ्ट बसल्यावर शॉकअप लगेच लावू नका. चाक पुन्हा खालून वरपर्यंत जॅकनं न्या आणि दर टप्प्यावर हातानं फिरवून बघा. कुठं अडकलं, करकरलं, रबरी बूट ताणला गेला, तर तिथंच थांबून पुन्हा मोजा.