ग्रंथालयातील सार्वजनिक संगणक आणि त्याचे नियम

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्यता मिळवतात आणि अ, ब, क, ड या वर्गांनुसार त्यांना अनुदान मिळते. या ग्रंथालयांत संगणक शिरला तो बहुधा ग्रंथनोंदीच्या कामासाठी. वाचकांसाठी वेगळा संगणक आणि त्यावर इंटरनेट ही सोय त्यानंतरची, आणि अजूनही सगळीकडे न पोहोचलेली. पुस्तकांच्या देवघेवीचे नियम पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत: अनामत, वर्गणी, परतीची तारीख, विलंबशुल्क. संगणकाला हे नियम पुरे पडत नाहीत, कारण पुस्तक एका वेळी एकाच्या घरी जाते, तर संगणकासमोर एका दिवसात अनेक माणसे पाठोपाठ बसतात आणि त्यांतील प्रत्येक जण आपल्या खासगी आयुष्याचा काही अंश त्या यंत्रात ठेवून उठतो. म्हणून संगणकाच्या नियमांची पारख करताना मागून येणाऱ्याची पाळी आणि उठून गेलेल्याची गुपिते त्यांनी कितपत राखली, हे पाहणे अगत्याचे ठरते.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना ग्रंथालयातील संगणक लागतो कोणाला, असा प्रश्न कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हमखास निघतो. त्याचे उत्तर अभ्यासिकेत, म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी ग्रंथालयाने राखलेल्या बैठकीच्या खोलीत मिळते. भरतीचे अर्ज, शिष्यवृत्ती, प्रवेशफेऱ्या, सातबारा, प्रवेशपत्राची छापील प्रत ही सारी कामे आता संकेतस्थळांवरून होतात आणि त्यांतील बरीच मोबाइलच्या पडद्यावर अडतात. बँकभरतीच्या अर्जात छायाचित्र २० ते ५० केबी आणि स्वाक्षरी १० ते २० केबी एवढीच लागते. मोबाइलने काढलेले छायाचित्र मात्र काही एमबींचे, म्हणजे कैक पटींनी मोठे असते. ते संगणकावर आणायचे, कापायचे, लहान करायचे, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने केलेली सही वेगळी टिपायची आणि मग अर्ज ती स्वीकारतो की नाही हे पाहायचे, यातच पहिला अर्धा तास जातो.

वेळेच्या मर्यादेचा नियम याच ठिकाणी कसाला लागतो. पाळीचा संगणक असेल तर मर्यादा हवीच, कारण ती नसेल तर सकाळी पहिला येणारा दुपारपर्यंत बसून राहील. तथापि अर्ध्या तासाची सरसकट मर्यादा वर्तमानपत्र चाळणाऱ्याला भरपूर होते आणि अर्ज भरणाऱ्याला अपुरी पडते. अनेक संकेतस्थळे काही मिनिटे हालचाल न दिसल्यास वापरकर्त्याला आपोआप बाहेर काढतात. शुल्क भरताना बँकेचे पान मध्येच बंद झाले तर पैसे खात्यातून वजा होऊनही अर्ज ‘शुल्क न भरलेला’ असा दिसू शकतो. अशा क्षणी ग्रंथपालाने घड्याळ दाखवून उमेदवाराला उठवणे नियमाला धरून असले तरी ते अन्यायाचेच होते. त्यामुळे मर्यादा कामाच्या प्रकारानुसार ठेवावी, मागे कोणी थांबलेले नसेल तर ती वाढवून द्यावी आणि पैसे भरण्याची पायरी सुरू झाली असल्यास ती पुरी होईपर्यंत हात लावू नये, एवढी मोकळीक नियमातच लिहिलेली असावी. ती ग्रंथपालाच्या मर्जीवर सोडली की ओळखीच्या माणसाला एक न्याय आणि परक्याला दुसरा, असे होऊ लागते.

संगणकाला हात लावण्यापूर्वी वापरकर्त्याला नोंदवहीत नाव लिहावे लागते. ग्रंथालयांतील या नोंदवहीचा साचा पुष्कळदा सायबर कॅफेवरून उचललेला असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याखाली २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी जे नियम झाले, त्यांनुसार चालकाने प्रत्येकाचे ओळखपत्र पाहावे, नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, संगणकाचा क्रमांक, येण्याजाण्याची वेळ यांची नोंद करावी आणि ती किमान एक वर्ष जपून ठेवावी, असे बंधन आहे. अधिनियमातील सायबर कॅफेची व्याख्या व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात लोकांना इंटरनेट पुरवणाऱ्या सुविधेची आहे. विनामूल्य वा नाममात्र शुल्काने सेवा देणाऱ्या ग्रंथालयाचा तीत नावाने उल्लेख नाही. गैरवापराचा तपास निघाल्यास अमुक वेळी अमुक संगणकावर कोण होते हे सांगता यावे, यासाठी ग्रंथालयाने नोंद ठेवणे समजण्यासारखे आहे. परंतु सभासदाचा क्रमांक आणि वेळ एवढ्यावर हे काम भागत असताना उघड्या वहीत आधार क्रमांक, पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहवून घेणे, आणि ती वही दोरीने बांधलेल्या पेनासह टेबलावर दिवसभर पसरून ठेवणे, याचे समर्थन करता येत नाही. पुढचा माणूस आपले नाव लिहिताना मागच्या पानभर लोकांची माहिती वाचत असतो.

या प्रश्नाकडे इतरत्र किती गांभीर्याने पाहिले गेले, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. २००१ च्या पेट्रियट कायद्याने ग्रंथालयांच्या नोंदी मागण्याचे तपासयंत्रणांचे अधिकार वाढल्यानंतर कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील ग्रंथपालांनी संगणकासाठी नावे नोंदवलेले कागद, त्यांचे काम संपताच, यंत्रात घालून त्यांचे तुकडे करण्याचा परिपाठ ठेवला. २००३ मध्ये त्याची मोठी चर्चा झाली. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे सूत्र असे की, ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले आणि अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल तर ती पुसून टाकावी. हा अधिनियम डिजिटल स्वरूपातील माहितीपुरता असला तरी कागदी वहीलाही हेच सूत्र शोभते.

संगणक कसा मांडावा, हा प्रश्नही नियमांचाच भाग आहे. सायबर कॅफेच्या नियमांत आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक नसावी आणि आडोशाबाहेरील पडदे मोकळ्या जागेकडे वळलेले असावेत, असे म्हटले आहे. उघड्यावरचा पडदा अश्लील मजकुराला आपोआप आळा घालतो, ही गोष्ट खरी आहे; पण त्याच पडद्यावर पासवर्ड, बँकेतील शिल्लक आणि जातीचा दाखलाही उमटतो आणि पाळीची वाट पाहणारा माणूस नेमका खुर्चीच्या पाठीशी उभा असतो. थांबणाऱ्यांची बाके चार पावले दूर हलवली तरी या अडचणीचा मोठा भाग सुटतो. संकेतस्थळे रोखणाऱ्या चाळणीबाबत, म्हणजे ठरावीक प्रकारचा मजकूर उघडू न देणाऱ्या प्रणालीबाबत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये शासकीय साहाय्य घेणाऱ्या ग्रंथालयांवरील तिची सक्ती वैध ठरवली, मात्र प्रौढ वाचकाने मागणी केल्यास ती काढता येते, ही बाब त्या निर्णयात महत्त्वाची मानली गेली. हा मार्ग आपल्याकडेही घेण्याजोगा आहे, कारण अशा चाळण्या स्तनांच्या कर्करोगाची किंवा पाळीच्या आजारांची माहितीही कधीकधी अडवतात.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेला भाग मागे उरणाऱ्या खुणांचा आहे. दिवसअखेर अशा संगणकातील ‘डाउनलोड्स’ हा कप्पा उघडला तर त्यात आधारपत्रे, गुणपत्रिका, उत्पन्नाचे दाखले आणि भरून झालेले अर्ज एकाखाली एक पडलेले दिसतात. ई-आधारची फाइल पासवर्डने बंद असते, पण तो पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष जोडून होतो, आणि नाव व जन्मतारीख दोन्ही शेजारीच पडलेल्या अर्जात छापलेली असतात. मोबाइलमधील छायाचित्र संगणकावर घेण्यासाठी पुष्कळ जण व्हॉट्सॲप वेब वापरतात. ते बंद न करता माणूस उठला तर त्याचे सगळे संभाषण पुढच्या माणसासमोर उघडे राहते आणि ते तोडायचे झाल्यास मोबाइलमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जावे लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. इनकॉग्निटो खिडकी, म्हणजे पाहिलेल्या पानांची नोंद न ठेवणारी ब्राउझरची पद्धत, सुरक्षित समजली जाते. परंतु उतरवून घेतलेल्या फाइली ती खिडकी बंद केल्यावरही जागच्या जागी राहतात.

भिंतीवरच्या फलकावर ‘आपली माहिती पुसण्याची जबाबदारी वापरकर्त्याची राहील’ असे एक वाक्य असते आणि ग्रंथालय तेवढ्यावर मोकळे होते. ज्याला फाइल कोठे उतरली हेच कळत नाही, त्याच्यावर ती पुसण्याचा भार टाकणे योग्य नाही. संगणक पुन्हा सुरू होताच तो मूळ स्थितीला आणणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत; तशी एखादी बसवावी आणि दोन वापरकर्त्यांच्या मध्ये संगणक एकदा बंद करून चालू करावा, हा खरा नियम. वीज गेल्यास अर्धवट काम नाहीसे होईल, म्हणून सोबत यूपीएस हवा आणि काम आपल्या पेन ड्राइव्हवर जतन करण्याची सूचना आधीच द्यावी. फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दाखवणारे विषाणू याच पेन ड्राइव्हमधून पसरतात, तेव्हा तो तपासूनच लावावा. संगणक बंद करून चालू करण्याच्या फेरीत कळफलकही मराठीवरून इंग्रजीवर येतो. एरवी पुढच्या उमेदवाराचा पासवर्ड वारंवार चुकीचा ठरतो आणि संगणकच बिघडला, असा त्याचा समज होतो.

लहान ग्रंथालयात हे सगळे एकट्या ग्रंथपालाला सांभाळावे लागते, तेही तुटपुंज्या वेतनात, हे विसरता येत नाही. वाचक त्यालाच ओटीपी सांगतात, पासवर्ड टाकायला लावतात, ‘तुम्हीच भरा ना सर’ म्हणतात, आणि मदत नाकारणे त्याच्या जिवावर येते. त्याने माउस हाती घ्यावा, दाखवावे, वाचून सांगावे. पासवर्ड आणि ओटीपी मात्र वाचकाने स्वतःच टंकावा, ही मर्यादा लेखी असली तर नंतर उद्भवणाऱ्या आरोपांपासून त्यालाही संरक्षण मिळते. ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी नियमावलीला मंजुरी देण्यापूर्वी एकदा त्या सार्वजनिक संगणकासमोर बसून एक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून पाहावा आणि उठण्याआधी ‘डाउनलोड्स’चा कप्पा उघडावा.