फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी दोनदां कां नष्ट करावी लागली?

फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास स्वातंत्र्य, समता व बंधुता हे तीन शब्द मुखोद्गत असतात. १७८९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत फ्रान्सच्या राष्ट्रसभेनें मानवी हक्कांचा जाहीरनामा काढून मनुष्यमात्र जन्मतः स्वतंत्र आहे असें जगास सांगितलें, हेंही आपण पाठ करतों. परंतु त्याच दिवशीं फ्रान्सच्या ताब्यांतील बेटांवर लाखों माणसें गुरांप्रमाणें विकलीं जात होतीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ह्या माणसांस मुक्तता मिळण्यास पांच वर्षें लागलीं. आठ वर्षांनीं ती त्यांच्यापासून हिरावून घेण्यांत आली. आणि १८४८ सालीं ती पुनः मिळाली. एकच अन्याय एका राष्ट्रास दोनदां कां नष्ट करावा लागला, हें समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही ह्या लेखांत करणार आहों.

प्रथम ह्या गुलामगिरीचें स्वरूप पाहूं. कॅरिबियन समुद्रांतील मार्टिनिक, ग्वादलूप व सॅं-दोमिंग आणि हिंदी महासागरांतील आजचीं रेयुनियों व मॉरिशस हीं बेटें त्या काळीं फ्रान्सकडे होतीं. युरोपांत साखरेस व कॉफीस मोठी मागणी होती. ती भागविण्यासाठीं आफ्रिकेंतून स्त्रीपुरुष विकत घेऊन, जहाजांच्या पोटांत कोंबून मळ्यांवर आणण्यांत येत. तोडलेला ऊंस लवकर गाळला नाहीं तर रस नासतो, हें गुऱ्हाळ पाहिलेल्यास सांगावयास नको. म्हणून हंगामांत तेथील चरक रात्रंदिवस चालत, आणि झोपेनें पेंगणाऱ्या गुलामाचा हात त्यांत सांपडे. एकट्या सॅं-दोमिंग येथें, म्हणजे आजच्या हैतींत, क्रांतीच्या वेळीं सुमारें पांच लाख गुलाम होते.

ह्या प्रथेस कायद्याचा आधार होता. चौदाव्या लुई राजानें १६८५ सालीं ‘काळी संहिता’ ह्या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेला कायदा केला. त्यांत गुलामांस बाप्तिस्मा द्यावा व रविवारीं त्यांजकडून काम घेऊं नये असें सांगितलें होतें. आणि त्याच कायद्यांत गुलाम ही जंगम मालमत्ता आहे असेंही लिहिलें होतें. महिनाभर पळून राहिलेल्याचे कान कापून खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्या खेपेस पायाची शीर तोडावी व तिसऱ्या खेपेस देहान्त शिक्षा द्यावी, असा त्याचा दंडक होता. ज्याला आत्मा आहे असें मान्य केलें त्यालाच मेजखुर्चीच्या यादींत बसविलें! ह्याहून मोठी विसंगति शोधून सांपडणार नाहीं.

ह्याविरुद्ध बोलणारे लोक फ्रान्सांत नव्हते असें नाहीं. १७८८ सालीं ब्रिसो ह्यानें ‘काळ्यांच्या मित्रांची सभा’ स्थापिली व ग्रेग्वार नांवाच्या धर्मोपदेशकानें काळ्या लोकांची बाजू हिरिरीनें मांडली. परंतु बंदरांतील व्यापारी आणि मळेवाले ह्यांच्या दडपणामुळें राष्ट्रसभा पाऊल उचलीना. तें पाऊल अखेर गुलामांनींच उचललें. १७९१ च्या ऑगस्टांत सॅं-दोमिंगच्या उत्तर भागांत प्रचंड उठाव झाला व मळे पेटले. पुढें इंग्लंड व स्पेन ह्यांच्याशीं युद्ध जुंपल्यावर हें बेट हातचें जाईल अशी भीति उत्पन्न झाली, तेव्हां तेथील फ्रेंच अधिकारी सोंतोना ह्यानें २९ ऑगस्ट १७९३ रोजीं उत्तर भागांतील गुलामांस मुक्त केलें. तेथून निवडून आलेल्या तीन प्रतिनिधींत बेले नांवाचा एक गृहस्थ होता. तो स्वतः पूर्वीं गुलाम होता. ते पॅरिसला पोंचले आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजीं सभेनें सर्व वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली.

ठराव झाला, पण तो सर्वत्र पोंचला नाहीं. मार्टिनिक इंग्रजांच्या हातीं गेलें. हिंदी महासागरांतील बेटांवर ठराव घेऊन गेलेल्या प्रतिनिधींस मळेवाल्यांनीं १७९६ सालीं परत पिटाळून लाविलें. पुढें सत्ता नेपोलियन बोनापार्टकडे आली व २० मे १८०२ च्या कायद्यानें त्यानें गुलामगिरीस पुनः मान्यता दिली. ग्वादलूपमध्यें तिच्यासाठीं आलेल्या सैन्याशीं लुई देल्ग्रेस हा सेनाधिकारी लढला; पराभव अटळ दिसतांच त्यानें सुमारें तीनशें सोबत्यांसह स्वतःस दारूगोळ्यानें उडवून दिलें. सॅं-दोमिंगचा पुढारी तूसँ लूव्हेर्त्यूर ह्यास पकडून फ्रान्सांतील थंडगार किल्ल्यांत ठेविलें. तेथेंच १८०३ सालीं तो वारला. परंतु त्याच्या लोकांनीं फ्रेंच सैन्यास हरविलें आणि १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झाला. त्या स्वातंत्र्याला मान्यता देण्यासाठीं १८२५ सालीं फ्रान्सनें त्याजकडून पंधरा कोटि फ्रँक मागितले, म्हणजे सुटलेल्यांनींच आपल्या जुन्या धन्यांची भरपाई करावयाची!

उरलेल्या वसाहतींत गुलामांची आणखी एक पिढी खपली. गुलामांच्या व्यापारास बंदी झाली, तरी चोरून तो चालूच राहिला. अशा जहाजांवरून सोडविलेले सुमारें पांचशें आफ्रिकन सरकारनें १८३५ सालीं फ्रेंच गियानांत ॲन-मारी झाव्हुए ह्या धर्मभगिनीच्या स्वाधीन केले. माना येथें त्यांस शेती व लिहिणें-वाचणें शिकवून तिनें स्वतंत्र जीवनास तयार केलें, आणि मळेवाल्यांचा रोष पत्करला.

ह्याच सुमारास व्हिक्टर शेल्शेर पुढें आला. तो चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदाराचा मुलगा. वडिलांच्या मालासाठीं फिरत असतां त्यानें क्यूबांत गुलामगिरी पाहिली. प्रथम ती हळूहळू नष्ट करावी असें त्याचें मत होतें. परंतु १८४० च्या प्रवासांत कॅरिबियन बेटें पाहिल्यावर ती ताबडतोब नष्ट झाली पाहिजे अशी त्याची खात्री पटली. १८४८ च्या फेब्रुवारींत पुनः क्रांति झाली तेव्हां तो सेनेगलहून परतत होता. येतांच त्यानें मंत्री आरागो ह्याचें मन वळविलें, आणि २७ एप्रिल १८४८ रोजीं मुक्ततेचें फर्मान निघालें.

फर्मानांत दोन महिन्यांची मुदत होती. पण मार्टिनिकच्या गुलामांनीं वाट पाहिली नाहीं. ढोल वाजविल्यावरून एका गुलामास कैद केल्याचें निमित्त झालें, २२ मे रोजीं सॅं-पिएर शहरांत उठाव झाला व दुसऱ्याच दिवशीं गव्हर्नरानें मुक्तता जाहीर केली. फर्मान घेऊन येणारें जहाज अजून समुद्रावरच होतें! रेयुनियोंमध्यें २० डिसेंबर रोजीं मुक्तता झाली. एकूण सुमारें अडीच लाख माणसें सुटलीं.

आतां आमच्या प्रश्नाकडे वळूं. पहिली मुक्तता युद्धाच्या अडचणींत दिली गेली, आणि अडचण सरतांच एका सत्ताधीशाच्या सहीनें ती गेली. दुसऱ्या वेळीं सुटलेल्या पुरुषांस नागरिकत्व व मताचा हक्क मिळाला. पूर्वीं गुलाम असलेला लुईझी मात्यू त्याच वर्षीं राष्ट्रसभेंत जाऊन बसला. ज्याच्या हातीं मत आहे त्याला पुनः मालमत्ता ठरविणें सोपें नसतें. म्हणून दुसरी मुक्तता टिकली, असें आम्हांस वाटतें.

तरी ती पूर्ण नव्हती. १८४९ च्या कायद्यानें धन्यांस साडेबारा कोटि फ्रँकांहून अधिक भरपाई मिळाली. गुलामांस ना जमीन, ना पैसा. आणि मळ्यांसाठीं नवे हात हवे होते, ते आपल्याच देशांतून नेण्यांत आले. १८५३ सालीं हिंदी गिरमिटिया मजुरांचें पहिलें जहाज मार्टिनिकला पोंचलें. मॉरिशस तोंवर इंग्रजांकडे गेलें होतें. तेथील गुलामगिरी संपल्यावर त्याच ऊंसाच्या मळ्यांत मुंबई बंदरांतून मराठी माणसेंही गेलीं, आणि त्यांचे वंशज आजही तेथें गणेशोत्सव साजरा करतात.

१९४९ सालीं शेल्शेरच्या अस्थि पॅरिसच्या पँथिऑनमध्यें नेण्यांत आल्या. त्याच दिवशीं गुलामांच्या वंशांत जन्मलेल्या फेलिक्स एबुए ह्याच्याही अस्थि तेथें ठेवण्यांत आल्या. हा मान योग्यच झाला. कारण कायदा लिहिणारा हात आणि शृंखला तोडणारा हात ह्यांपैकीं एकानें हें कार्य झालें नसतें. स्वातंत्र्य एकदां मिळालें म्हणजे कायमचें मिळालें असें नसतें, हें ह्या इतिहासाचें सार आहे. तें प्रत्येक पिढीनें राखावें लागतें, आणि शेजाऱ्याचें स्वातंत्र्य राखण्यानेंच आपलें राखलें जातें.