सीमेपलीकडील मनोऱ्याचें बिल

जर्मनीतील कॉन्स्टान्स व स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्स्लिंगेन हीं शहरें एकमेकांस अगदीं लागून आहेत. फ्रान्सहून कॉन्स्टान्सला आलेल्या प्रवाशानें सीमा ओलांडली नाहीं, तरी त्याचा मोबाईल पलीकडील स्विस मनोऱ्यास जोडला जाऊं शकतो. धन्यास त्याची वार्ताहि नसते! तें परकें नेटवर्क वापरलेल्या डेटाची मोजदाद करून प्रवाशाच्या मूळ कंपनीकडे पैसे मागतें, व कंपनी आपल्या दरानें तो बोजा ग्राहकावर टाकते. युरोपीय संघानें आपल्या ग्राहकांचा सदस्यदेशांतील हा जादा आकार, साधारण वापरापुरता, १५ जून २०१७ पासून रद्द केला. परंतु स्वित्झर्लंड संघांत नाहीं. शिवाय खिशांत निजलेला मोबाईलहि टपाल व छायाचित्रें आपण होऊन ओढीतच असतो. यास्तव अशा ठिकाणीं डेटा रोमिंग बंद ठेवावें, अथवा नेटवर्क स्वहस्तें निवडावें.