नांगर आणि भरती-ओहोटी

वसई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिमाजी अप्पा उभे राहतात. १७३९ साली मराठ्यांनी किल्ला घेतला आणि दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता तेथून उठली. इतिहासाचे पान आपण येथेच उलटतो. किल्ल्याभोवती केळी-पानवेलींच्या वाड्या शिंपणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

ज्या सत्तेबरोबर हा धर्म आला, ती गेली, राजाश्रय संपला. मग श्रद्धाही ओसरायला हवी होती! पण ती ओसरली नाही. कारण एव्हाना ती किल्ल्यातून निघून माजघरात आली होती. संध्याकाळी सारे घर एकत्र बसून जपमाळ म्हणे. आणि घरातली बोली होती वाडवळी किंवा सामवेदी, म्हणजे आपल्या मराठीच्याच लेकी.

दुसरा बदल याहून नाजूक होता. मिस्सा शतकानुशतके लॅटिनमध्ये होई. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट दिली आणि वेदीवर मराठी आली. लहानपणापासून कानांत बसलेले पवित्र शब्द एकाएकी बदलले, तर मन बावरणारच. परंतु शब्द मोठे, की ज्याला ते उद्देशून म्हणायचे तो मोठा? ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत आणला, त्या भूमीला हा प्रश्न नवा नव्हता. याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले, आणि २०२० साली ते उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आजचा बदल मात्र घराच्या उंबऱ्याशी आला आहे. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, मुले इंग्रजी शाळांत जातात, कित्येक परदेशी स्थायिक होतात. आजीची प्रार्थना नातवाला कळेल काय, ही चिंता केवळ ख्रिस्ती घरांची नाही. ती तुमच्या-आमच्या देवघरातलीही आहे.

वसईच्या किनाऱ्यावर नांगरलेली होडी पाहावी. भरतीला तिचे तोंड एकीकडे, ओहोटीला दुसरीकडे. पाण्याबरोबर ती फिरते, पण वाहून जात नाही. स्थैर्य म्हणजे न हलणे नव्हे. हलताना आपला नांगर कोठे रुतला आहे, हे ठाऊक असणे. तेवढे मुलांना सांगून ठेवले, तर भाषा ती आपली आपण शोधतील.