पिंपावरचं लेबल कुणासाठी? रसायनांच्या नव्या इशाऱ्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तारापूर, लोटे, महाड, अंबरनाथ, कुरकुंभ इथल्या कारखान्यांमधून रसायनं परदेशी जातात आणि परदेशातूनही इथे येतात. त्यांच्या पिंपांवर टोकावर उभा राहिलेला, लाल किनारीचा पांढरा चौकोन असतो आणि आत एक काळी आकृती: ज्वाला, कवटी, उद्गारचिन्ह. ही चिन्हं ‘जीएचएस’ या पद्धतीची. रसायनांचे धोके जगभर एकाच कसोटीने ठरवावेत, असं १९९२च्या रिओ परिषदेत ठरलं आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. युरोपीय संघाने ती ‘सीएलपी’ नावाच्या नियमातून स्वीकारली. हा नियम जानेवारी २००९ मध्ये आला. एकेकट्या पदार्थांना तो डिसेंबर २०१० पासून बंधनकारक झाला, मिश्रणांना जून २०१५ पासून. आज एवढी वर्षं झाली, तरी मालक, सुपरवायझर आणि कामगार यांच्या मनात काही चुकीच्या समजुती ठाण मांडून आहेत. त्या दूर करायला हव्यात, कारण इथली चूक शेवटी पिंप उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर येते.

गैरसमज १: लेबल कडक झालं, म्हणजे माल जास्त घातक झाला.

वस्तुस्थिती: माल तोच असतो, इशारा देण्याची मर्यादा खाली आलेली असते. डोळ्याला गंभीर इजा करणारा घटक मिश्रणात १० टक्के झाला, की युरोपच्या जुन्या नियमाने इशारा लागायचा. सीएलपीमध्ये ही सर्वसाधारण मर्यादा ३ टक्के आहे. त्वचेचा दाह करणाऱ्या घटकांची मर्यादा २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. त्यामुळे सूत्रात थेंबाचाही फरक न करता धुण्या-पुसण्याच्या कितीतरी द्रवांची लेबलं बदलली. ग्राहकाने विचारलं, तर विक्रेत्याने हेच स्पष्ट सांगावं. घाबरवूही नये आणि ‘ते फक्त कायद्यापुरतं आहे’ म्हणून उडवूनही लावू नये. डोळ्याला इजा करण्याचा त्या द्रवाचा गुण आधीही होता.

गैरसमज २: जुन्या चिन्हाच्या जागी नवं चिकटवलं, की काम झालं.

वस्तुस्थिती: जुन्या आणि नव्या चिन्हांची सरळ जोडी लागत नाही. विषारीपणा मोजताना प्रयोगातली निम्मी जनावरं ज्या मात्रेला दगावतात तो आकडा धरतात, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. एखाद्या पदार्थाचा पोटात गेल्यावरचा आकडा २५० आहे असं समजा. जुन्या युरोपीय नियमात तो केवळ ‘अपायकारक’ ठरे, नारिंगी चौकोनात काळी फुली. सीएलपीमध्ये ५०च्या वर ते ३०० पर्यंतचा पदार्थ तिसऱ्या श्रेणीत येतो आणि त्याच्यावर कवटी लागते. फुलीच्या जागी उद्गारचिन्ह चिकटवणारा इथे सरळ चुकतो.

म्हणून सुरुवात सूत्रापासून करावी लागते. कोणता घटक किती टक्के आहे, प्रत्येकाची उपलब्ध चाचणी-माहिती काय सांगते, आणि त्यावरून मिश्रणाचं वर्गीकरण काय होतं, हे आधी ठरवायचं. मग सोळा भागांचं एसडीएस, म्हणजे सुरक्षा-माहितीपत्रक, लिहायचं आणि सर्वांत शेवटी लेबल छापायचं. हा क्रम उलटा केला, तर लेबल आणि एसडीएस दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात.

गैरसमज ३: कवटी नाही, म्हणजे जिवाला धोका नाही.

वस्तुस्थिती: कवटी सांगते ती एका खेपेच्या संपर्काने होणारी विषबाधा. बेंझीन पाहा. त्याच्या युरोपीय लेबलावर कवटी नसते. असते ती ज्वाला, आणि छातीवर चांदणीसारखा तडा गेलेली माणसाची आकृती. ही आकृती कर्करोग, आनुवंशिक दोष, अवयवांची हळूहळू होणारी हानी यांची खूण आहे. बेंझीन माणसात कर्करोग घडवतं, हे सिद्ध झालेलं आहे. आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही, असं मानणाऱ्यांसाठीच हे चिन्ह आहे, आणि दुर्दैवाने कामगारांना सर्वांत कमी ओळखीचं तेच असतं.

चिन्हं मोजून धोका ठरवणंही चूक. विषबाधेसाठी कवटी लागली, की त्याच पिंपावर उद्गारचिन्ह छापत नाहीत. म्हणून चिन्हाखालची वाक्यं वाचलीच पाहिजेत.

गैरसमज ४: श्रेणीचा आकडा मोठा, तितका धोका मोठा.

वस्तुस्थिती: जीएचएसमध्ये पहिली श्रेणी सर्वांत घातक असते. घोटाळा होतो तो टाक्यांवर रंगवलेल्या निळ्या-लाल-पिवळ्या-पांढऱ्या चौकोनामुळे. ती अमेरिकेतली अग्निशमनाची पद्धत. तिथे शून्य म्हणजे धोका नगण्य आणि चार म्हणजे सर्वाधिक. एकाच आवारात या दोन उलट्या पद्धती नांदत असतील, तर प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला हा फरक सांगायला हवा.

गैरसमज ५: आता जगभर एकच लेबल चालतं.

वस्तुस्थिती: कसोट्यांचा साठा एक आहे, पण त्यातलं काय घ्यायचं ते प्रत्येक देश ठरवतो. जीएचएसमध्ये तीव्र विषबाधेची पाचवी श्रेणी आहे, ती युरोपने घेतलीच नाही. अमेरिकेने २०१२ मध्ये आपला स्वतंत्र नियम केला. आपल्याकडे भोपाळनंतर आलेले १९८९ चे घातक रसायनांचे नियम आहेत. त्यांत पिंपावर आतला पदार्थ, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि धोक्यांची माहिती असणं सक्तीचं आहे.

कीटकनाशकांवर तर लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे त्रिकोण असतात. त्या हिशेबात, वर सांगितलेल्या निम्म्या जनावरांच्या मात्रेचा ५१ ते ५०० हा आकडा पिवळ्यात जातो. म्हणजे ४०० आकड्याचं विष आपल्याकडे पिवळ्या त्रिकोणाचं ‘अति विषारी’, आणि सीएलपीमध्ये उद्गारचिन्हाचं, चौथ्या श्रेणीचं. शेतकऱ्यांनी तर एवढं पक्कं ध्यानात ठेवावं की हिरवा त्रिकोणसुद्धा विषाच्याच मोजपट्टीवरचा आहे.

निर्यात करणाऱ्यासाठी याचा अर्थ असा: ज्या देशात माल जाणार, त्या देशाचं वर्गीकरण करावं लागतं. युरोपात जबाबदारी तिथल्या आयातदाराची, पण त्याला घटकांची खरी माहिती इथूनच द्यावी लागते.

गैरसमज ६: नैसर्गिक मालाला हे लागू नाही.

वस्तुस्थिती: पदार्थ कुठून आला हे नियम पाहत नाही, गुण पाहतो. संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनीन ज्वलनशील आहे, त्वचेला ॲलर्जी आणतं आणि पाण्यातल्या जीवांना घातक आहे.

गैरसमज ७: मोठ्या पिंपावर लेबल आहे, तेवढं पुरे.

वस्तुस्थिती: अपघात पुष्कळदा छोट्या भांड्यातून होतात. थिनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, ॲसिड बादलीत, सॉल्व्हेंट डब्यात काढून ठेवलं, की पिंपावरचा सगळा इशारा मागे राहतो. जिथे जिथे रसायन ओतलं जाईल, त्या प्रत्येक भांड्यावर त्याचं नाव आणि धोका हवाच. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर ते कधीच काढू नये.

गैरसमज ८: एकदा बदल केला, की सुटलो.

वस्तुस्थिती: ज्ञान वाढतं तसं वर्गीकरण बदलतं. फॉर्मल्डिहाइड युरोपात आधी ‘संशयित’ कर्करोगकारक होतं. २०१६ पासून ते वरच्या, अधिक गंभीर श्रेणीत आहे. २०२३ मध्ये युरोपने शरीरातल्या संप्रेरकांचं काम बिघडवणाऱ्या रसायनांसाठी नवे वर्ग आणले. बाजारात आधीपासून असलेल्या पदार्थांसाठी त्यांची मुदत नोव्हेंबर २०२६ आहे आणि मिश्रणांसाठी मे २०२८. त्यामुळे कारखान्यात हे काम एका नेमून दिलेल्या माणसाचं असायला हवं आणि दरवर्षी तपासलं जायला हवं.

एक गोष्ट आपण युरोपकडून आजच घेऊ शकतो. तिथे लेबल ज्या देशात माल विकला जातो, त्या देशाच्या भाषेत असावं लागतं. आपल्या कारखान्यांत मात्र इंग्रजी एसडीएस कार्यालयातल्या फायलीत राहतं, आणि पिंप उघडणारा मराठी किंवा हिंदी वाचणारा असतो. सोळा भागांतले त्याच्या कामाचे तीन तरी, म्हणजे धोका कोणता, प्रथमोपचार काय, हातमोजे-मास्क कोणते, हे त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, कामाच्या जागी लावावेत आणि वाचूनही दाखवावेत. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही, आणि खर्च एका पिंपाच्या किमतीएवढाही येत नाही.