गाडीआधी दार मोजा

गल्लीच्या तोंडाशी मोटारवर चालणारी एक तीनचाकी उभी होती. सीटवर प्लॅस्टिक बांधलेलं, हँडलला साड्यांच्या लेसची रिळं अडकवलेली, मागच्या एका चाकात हवा नाही. दिव्यांगांच्या शिबिरात मिळालेली ही गाडी वर्षभरही चालली नव्हती. मालकाच्या बायकोनं कारण एका दमात सांगितलं : "दार 28 इंचाचं, गाडी त्याहून रुंद. आत येत नाही आणि बाहेर ठेवली तर बॅटरी चोरीला जाते."

सुरतच्या नवागाम-दिंडोली भागात अशा गल्ल्या पुष्कळ. जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेच्या आजूबाजूला धुळे, नंदुरबार, जळगावहून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबं राहतात. पुरुष लूमच्या खात्यात नाहीतर कापड मार्केटात, बायका घरबसल्या साड्यांना टिकल्या आणि लेस लावतात. ओट्याओट्यावर अहिराणी कानावर पडते. खोल्या एकाच कंत्राटदारानं एकाच मापात काढलेल्या, त्यामुळं दारंही सारखीच. 28 इंच.

गाडी देताना ते 28 इंच कुणी मोजले का नाहीत, हा प्रश्न मनात राहिला, आणि हे मोजण्याचंच काम करणाऱ्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंच्या मागोमाग त्याच वस्तीत पुन्हा जाणं झालं. त्यांच्या पिशवीत मोजपट्टी, कोरे कागद, एक जाड पेन्सिल आणि लाल चिकटपट्टी. बाकी काही नाही.

त्या दिवशी तपासायचे होते ते काका लूमवर उभं आयुष्य काढलेले. चार महिन्यांपूर्वी लकवा मारला आणि डावा हात, डावा पाय गेला. आता आधाराला धरून खोलीतल्या खोलीत चालतात. मुलानं मोटारच्या गाडीसाठी कागद जमवायला घेतले होते. बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "काका, गाडी आली तर सकाळी पहिल्यांदा कुठं जाल?"

मुलगा म्हणाला, "दवाखान्यात." काका म्हणाले, "चौकात. चहाना टपरीवर." बाईंनी चौक लिहून घेतला.

या विद्येची सगळी दिशा त्या एका नोंदीत आहे. पाय किती वाकतो याच्याआधी माणसाला दिवसभरात काय करायचंय हे विचारायचं. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटावा असा इतिहासही आहे. अमेरिकेत एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा काढली. आशियातली ती पहिली मानली जाते. 1952 मध्ये त्यांनी या थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटनाही उभी केली. इतक्या वर्षांनंतरही वस्तीतल्या माणसाला 'मालिशवाल्या बाई' आणि थेरपिस्ट यांतला फरक सांगावा लागतो, याचं वाईट वाटतं.

मापं घेणं लवकर उरकलं : कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर, पाठीला आधार नसताना सरळ बसता येतं का, पलंगावरून खुर्चीवर एकट्यानं सरकता येतं का. बसून बसून कातडी लाल होते का, हेही पाहिलं. डाव्या कुशीला स्पर्श कमी कळत असेल तर चुकीच्या सीटवर जखम होते आणि ती माणसाला महिनोन्‌महिने पलंगाला खिळवते.

मग कोरा कागद आला. बाईंनी त्यावर एक लांब आडवी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हिच्या बरोबर मध्यावर खूण करा." काकांनी पेन्सिल धरली, नीट पाहिलं आणि ठाम हातानं खूण केली. खूण मध्यापासून चांगली तीन बोटं उजवीकडे पडली. दुसरी रेघ, तीच गत. तिसरीही. काकांना मात्र खूण मधोमधच दिसत होती. मुलगा काही बोलायला गेला, बाईंनी हातानंच थांबवलं.

डोळे शाबूत होते. मेंदूच्या उजव्या भागाला झटका बसला की काहींचं डाव्या बाजूच्या जगाकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डाव्या गालाची दाढी अर्धवट होते. घरात हे चालून जातं. रस्त्यावर नाही. आपल्याकडे वाहन डावीकडून चालवायचं. ओटे, गटार, उभ्या मोटारसायकली, खेळणारी पोरं, सगळं त्याच बाजूला.

खात्री करायला बाईंनी गल्लीत दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या बादल्या मांडल्या आणि काकांना शेजाऱ्याच्या साध्या चाकाच्या खुर्चीत बसवलं. उजव्या हातानं चाक फिरवत, उजव्या पायानं जमीन ढकलत काका निघाले. उजवीकडच्या बादल्या एकूण एक चुकवल्या. डावीकडची पहिली पडली, दुसरी पडली. तिसरीचं पाणी पायावर आलं तेव्हा काका थांबले आणि त्यांनी विचारलं, "आठे बादली कोनी ठेवी?"

गल्लीत कुणी हसलं नाही.

प्रश्न एवढाच नव्हता. अशा तीनचाकीत बहुधा उजव्या मुठीनं वेग आणि डाव्या हातानं ब्रेक असतो, आणि काकांचा डावा हात मूठच आवळत नाही. परदेशात वृद्धांसाठी सर्रास मिळते ती मोबिलिटी स्कूटर वेगाची पट्टी सोडताच आपोआप थांबते, तिची छोटी मॉडेलं 20-22 इंचांत बसतात आणि दारातून आतही येतील. पण तिच्यावर पाठ सावरून पुढं हात लांबवून बसावं लागतं, चाकं लहान असतात आणि नवागामच्या उखडलेल्या रस्त्यावर ती अडकतात. चाकाच्या खुर्चीला पुढं जोडायची, आयआयटी मद्रासशी निगडित 'निओबोल्ट'सारखी देशी वाहनं आहेत. तिथंही दोन्ही हातांचा प्रश्न उरतोच.

शिवाय ओटा. तो 10 इंच उंच. चढ सोपा हवा तर एक इंचाला एक फूट उतार लागतो, म्हणजे 10 फुटांचा रॅम्प. गल्ली आठ फुटांची. अडथळामुक्त इमारतींच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना दाराला 900 मिलिमीटर, म्हणजे साधारण 35 इंच मोकळी रुंदी सांगतात. इथं 28.

बाईंनी निर्णय सांगितला : मोटारची गाडी आत्ता नको. सहा आठवडे नजर डावीकडे वळवायचा सराव, ताटाच्या आणि कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून, ती दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही. नंतर पुन्हा तपासणी. तोवर साध्या खुर्चीतून नातवानं चौकात न्यायचं.

मुलगा चिडला. "शेजारच्याला मिळाली, आमालेच का नको? शिबिर परत कवय येई?" त्याचा राग खोटा नव्हता. शिबिर चुकलं की वाट पाहावी लागते. पण चुकीची गाडी घेतली तर वाट आणखी लांबते. केंद्राच्या 'एडिप' योजनेच्या 2014 मधल्या सुधारित नियमांत 16 वर्षांवरील तीव्र दिव्यांगाला मोटारच्या तीनचाकीसाठी 25,000 रुपयांचं अनुदान ठेवलं, ते दहा वर्षांतून एकदाच. गल्लीच्या तोंडाशी प्लॅस्टिकखाली उभी आहे ती अशीच कुणाची तरी दहा वर्षं.

शिबिरांनी मोठं काम केलंय, हे नाकारायचं कारण नाही. शेजारच्या नवसारीत 17 सप्टेंबर 2016 रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत 11,000 हून अधिक दिव्यांगांना साधनं दिली गेली. तेवढ्या माणसांच्या घरी जाऊन दारं मोजणं एका मांडवाला शक्य नाही, पण म्हणून ते मोजणं वगळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये चाकाच्या खुर्च्यांसाठी आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत तपासणी दुसरी आहे आणि साधन बसवून दिल्यानंतरही दोन उरतात : शिकवणं आणि पाठपुरावा. आपल्याकडे फोटो निघाला की काम संपतं.

मोबिलिटी स्कूटरचा जन्मच मुळी एका घरातल्या एका माणसासाठी झाला. 1968 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या अल थीम नावाच्या प्लंबरनं मज्जासंस्थेच्या आजारानं चालणं गेलेल्या घरच्याच माणसासाठी ती बनवली. आधी माणूस होता, मग गाडी.

सुरत महापालिकेनं आणि शिबिरं भरवणाऱ्या संस्थांनी वस्तीवस्तीत जाणारे थेरपिस्ट नेमावेत, वाटपाआधी घराची एक फेरी सक्तीची करावी. ते होईपर्यंत नवागाम, लिंबायत, उधन्यातल्या ज्या घरांतून असा अर्ज जाणार आहे त्यांनी दाराची रुंदी, ओट्याची उंची, चार्जिंगची जागा आणि कुठला हात चालतो हे एका कागदावर लिहून शिबिरात न्यावं, आणि गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नये.